सातवा पांढरा

१

पांढरा रंग माणसाला लक्षात ठेवता येत नाही. लाल आठवतो, निळा आठवतो. पांढरा मात्र आठवणीत उजळत तरी जातो नाहीतर मळत तरी जातो, आणि आपण शपथेवर चुकीचं सांगतो. रंग कसा मोजायचा हे मी विद्यापीठात जन्मभर शिकवलं, आणि पहिल्याच तासाला मुलांना हे सांगायचो. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यातल्या रंगाबद्दल माझ्यावर फार विसंबू नका. कोणती भिंत, कोण काय बोललं, हे बऱ्यापैकी आठवतं. क्रम थोडा मागेपुढे झाला असेल. राग मात्र जसाच्या तसा आठवतो. तो गेलेलाच नाही.

आमचं घर तैवानमध्ये कीलुंगला, बंदराच्या वरच्या टेकडीवर. आमच्या भाषेत 'चार' हा शब्द 'मरण'सारखा ऐकू येतो, त्यामुळे चौथा मजला म्हणून स्वस्तात मिळालेलं. बायको गेल्यावर मुलगा बो-युआन आणि सून पेइ-शान तैपेईची भाड्याची जागा सोडून माझ्याकडे राहायला आले, ते घराला नावं ठेवतच आले. भिंतींचा फिकट हिरवा रंग माझ्या बायकोने निवडलेला होता.

"बाबा, हा दवाखान्याचा रंग आहे," बो-युआन म्हणाला.

"तू जन्मलास तेव्हापासून आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

पेइ-शानला पांढरा हवा होता. बरं, पांढरा म्हणून कुठला तरी पांढरा चालेना. तिने सहा छोटे डबे आणले: लिली, मोती, तांदूळ, शिंपला, दूध, हिम. उत्तरेकडच्या लहान खोलीतून माझी पुस्तकं उचलून पॅसेजमध्ये रचली आणि तिथल्या भिंतीवर शेजारी शेजारी सहा पट्टे ओढले. मग छोट्या स्टुलावर बसून ती त्या पट्ट्यांकडे बघत राहायची. सकाळी बघायची, दुपारी बघायची, पाऊस थांबला की पुन्हा बघायची. आमच्याकडे पाऊस थांबतो कुठे म्हणा. जेवायला हाक मारली तर मासळीचा वास नको म्हणून नाक धरून परत जायची. मला ती सगळी तिची नाटकं वाटत होती. माझी पुस्तकं ओलीने फुगत होती, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"त्या खोलीत कोण राहणार आहे एवढं?" मी विचारलं.

"कुणीच नाही," ती इतक्या पटकन म्हणाली, की मला आणखीच राग आला.

२

एका सकाळी भिंतीवर सात पट्टे होते.

सातवा इतर सहांच्या रांगेत नव्हता. दाराच्या चौकटीला लागून, माझ्या कमरेच्या उंचीवर होता. त्याच्या कडा ब्रशने ओढल्यासारख्या सरळ नव्हत्या. काचेवर श्वास सोडला की जसा डाग उमटतो, तसा त्याचा आकार होता.

"हा कुठला?" मी विचारलं.

पेइ-शान स्टुलावर होती. ती वळली, आणि तिचा चेहरा असा झाला की जणू तिला कुणी नावाने हाक मारली.

"हाच," ती म्हणाली. "बाबा, मला हाच हवाय."

"अगं, पण डबा कुठला?"

तिला माहीत नव्हतं. तिने तो लावला नव्हता. बो-युआनने लावला नव्हता. दोघं एकमेकांवर ढकलत राहिले आणि शेवटी दोघंही माझ्याकडे बघायला लागले. म्हातारा विसरला असेल, असं त्या नजरेत होतं. मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या बाईने खिडकी लावून घेतली.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. कीलुंगच्या भिंतींना ओल धरते, आणि ओलीबरोबर भिंतीतलं मीठ बाहेर फुटतं. त्याचा पांढरा थर आमच्याकडे प्रत्येक घरात कुठे ना कुठे असतोच. मी बोट लावलं. मीठ बोटाला पिठासारखं लागतं. हे लागलं नाही. ते गुळगुळीत होतं, आणि थोडं कोमट होतं. भिंतीच्या पलीकडे गरम पाण्याचा नळ असावा असं मी मनाशी म्हटलं. त्या भिंतीत नळ नाही हे मला माहीत होतं. घर मीच बांधून घेतलेलं नसलं, तरी नळ मीच तीनदा दुरुस्त करून घेतलेत.

निवृत्त होताना विद्यापीठाने पांढरेपणा मोजायचं एक जुनं यंत्र मला देऊन टाकलं होतं. भिंतीला टेकवायचं, बटण दाबायचं, आकडा येतो. लिलीचा आला, मोत्याचा आला, सहाही पट्ट्यांचे आले आणि ते स्थिर राहिले. सातव्यावर टेकवलं तर आकडा थांबेना. वर चढायचा, खाली यायचा, लगेच पुन्हा वर. फार भरभर. मी सेल बदलले, हात थरथरतो म्हणून यंत्र पुस्तकांच्या थप्पीवर टेकवलं. तरी तेच. नुसतं बघत राहिल्यावर मला धाप लागल्यासारखं झालं. मी यंत्र बंद करून खोक्यात घातलं आणि बिघडलंय म्हणून सांगून टाकलं.

यंत्र बिघडलंच असेल. जुनं होतं.

३

दुसऱ्या दिवशी तो पट्टा नव्हता. दाराशेजारी जुना हिरवा रंग होता, कोरडा, पुसल्याची खूणही नाही.

पेइ-शान माझ्यावर उलटली. एरवी खालच्या आवाजात बोलणारी मुलगी, पण त्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही खरवडलात ना? तुम्हाला मी काही निवडलेलं बघवतच नाही."

"मी कशाला खरवडू? माझ्या घरात मी चोरून भिंती खरवडणार?"

"तुमचं घर. बरोबर. तुमचंच घर."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पट्टा संध्याकाळी सापडला. पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटामागे, जमिनीलगत. कपाट मी पुस्तकांसाठी सरकवलं म्हणून दिसला. मी कुणाला न सांगता कपाट परत लावलं. का, ते विचारू नका. मला वाटतं, घरात शिकलेला माणूस मी एकटा असल्यासारखं मी तेव्हा वागत होतो, आणि ज्याचं कारण सांगता येत नाही ते दाखवायची माझी तयारी नव्हती. पण कपाट ढकलताना मी ते हळू ढकललं. आत कुणी झोपलं असावं तसं.

ओल शोषणारं यंत्र पॅसेजमध्ये दिवसभर घुमायचं. त्याचा आवाज त्या भिंतीजवळ वेगळा यायचा. मध्येच अडायचा, आणि मग दोन आवाज एकदम सुरू व्हायचे. यंत्र तर एकच होतं. मी ते बंद केलं. आवाज बंद झाला. मग मी स्वतःवरच चिडलो, की म्हाताऱ्या, कान तपासून घे.

बो-युआन पेइ-शानशी भांडून थकला होता. "लिली घ्यायचा," त्याने जाहीर केलं. "दुकानदार म्हणतो, निम्मं शहर लिलीच घेतं. रंगवायला हो नावाच्या मिस्त्रीला सांगून ठेवलंय. छिंगमिंगच्या आधी सगळं संपवून टाकू."

छिंगमिंगला आम्ही पितरांच्या कबरी साफ करतो. त्या वर्षी त्यात माझ्या बायकोची होती.

"मी लिलीत राहणार नाही," पेइ-शान म्हणाली.

"रंग आहे तो! रंग! त्यात राहायचं काय असतं?"

"तुला कळायचं नाही."

"मग सांग ना!"

दोघांनी एकमेकांकडे अशी नजर टाकली, की मी खोलीत नसतो तर पुढचं वाक्य आलं असतं. मी मुद्दाम खोलीत थांबून राहिलो.

४

हो मिस्त्री सकाळीच आला आणि मुलाच्या मोठ्या खोलीत कामाला लागला. पलंग ओढल्याचा आवाज आला, मग दार लावून घेतलं, मग रोलरचा चिकट आवाज सुरू झाला.

त्याच सकाळी माझी थोरली बहीण आ-लुआन आक्का पिशव्या घेऊन जिना चढून आली. छिंगमिंगला खायच्या पातळ पोळ्या, भाज्या, शेंगदाण्याचा कूट, सगळं ती दरवर्षी आणते, आणि दरवर्षी आमच्या स्वयंपाकघराला शिव्या घालते.

"सुतकासारखं पांढरं करताय घर?" दारातूनच ती म्हणाली. "एक मेली ती पुरे नाही का? की माझी वाट बघताय?"

"आक्का, आजकाल सगळे पांढरंच करतात."

"सगळे करतात! प्रोफेसर झालास तरी तुझं कारण शाळेतल्या पोराचंच."

ती स्वयंपाकघरात गेली, पिशवी ठेवायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मग फार हळू मला हाक मारली. आक्का कधी हळू बोलत नाही.

शेगडीच्या बाजूच्या भिंतीवर तो होता. पहिल्यापेक्षा मोठा, दोन तळव्यांएवढा.

"हा आज इथे आहे. काल कुठे होता?"

"कपाटामागे." माझ्या तोंडून निघून गेलं.

"आणि त्याआधी दारापाशी."

मी मान हलवली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ती ताठ उभी राहिली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली, "या घरात पोटुशी कोण आहे?"

पेइ-शान पॅसेजमध्ये होती. बो-युआन तिच्यामागे. पेइ-शानचा हात पोटावर गेला, आणि त्यातच सगळं आलं.

"बोला की! तोंडं शिवलीत?"

"तीन महिने भरायचेत, आत्या," पेइ-शान म्हणाली. "त्याआधी सांगायचं नसतं. माझी आई म्हणाली, बापालासुद्धा सांगू नकोस. ह्याला मी सांगितलं तेच तिला आवडलं नाही."

"आणि भिंती रंगवायला काढल्या? पोटातलं पोर पोटातच बसतं असं वाटलं तुम्हाला? त्याचा जीव घरभर हिंडतो. दारात असतो, चुलीपाशी असतो, पलंगाखाली असतो. म्हणून खिळा ठोकायचा नाही, पलंग हलवायचा नाही, भिंतीला हात लावायचा नाही. एवढंही कोणी शिकवलं नाही?"

"शिकवलं होतं," पेइ-शानचा आवाज चिरकला. "पण रंग नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं! मी काय करायला हवं होतं? म्हणून पट्टेच ओढत बसले. जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढला!"

मी मध्ये पडलो. पडायला नको होतं, पण मला खरंच वाटत होतं की हे खुळ आहे. "आक्का, भिंतीला मीठ फुटलंय," मी म्हणालो. "मुलीला घाबरवू नकोस." आक्काने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मीही ऐकवलं. आईच्या मरणापासूनचं सगळं निघालं. आम्ही दोघं म्हातारे शेगडीच्या दोन बाजूंनी ओरडत होतो, आणि बो-युआन लाल होत होता.

"बास!" तो ओरडला. "मीठ असेल तर मीठ, देव असेल तर देव. आत्ता जातो."

दारात मिस्त्रीचा लिलीचा डबा आणि जास्तीचा रोलर होता. त्याने रोलर बुडवला, कोणी अडवायच्या आत शेगडीशेजारी दाबला आणि वरपासून खालपर्यंत फिरवला.

ओला रंग सपाट बसला. मग भिंत हलली.

मी तिथे होतो, हातभर अंतरावर. रंगाखाली काहीतरी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकलं. माझी बायको बो-युआनच्या वेळी सातव्या महिन्यात होती तेव्हा तिने माझा हात धरून पोटावर ठेवला होता, आणि टाच का कोपर कळू नये असा एक उंचवटा माझ्या तळव्याखालून गेला होता. तसं ते गेलं. पण इथे ते जागा शोधत होतं. एका कडेला गेलं, अडलं, परत फिरलं.

पेइ-शान खाली बसली. पडली नाही. कुणी खांद्यावर हात ठेवून बसवावं तशी बसली, दोन्ही हात पोटावर. "अंधार का केलात?" तिने विचारलं. ट्यूबलाइट चालू होती.

५

पुढचं माझ्या मनात तुकड्यातुकड्यांनी आहे. बो-युआनने रोलर फेकला तो कपाटावर आदळला. आक्काने ओलं फडकं घेतलं. मी सदरा काढला आणि त्याने पुसायला लागलो. आणि पेइ-शान गुडघ्यांवर सरकत आली, आम्हाला दोघांनाही कोपराने ढकललं आणि उघड्या हातांनी भिंत पुसायला लागली. ती शिव्या देत होती. मला, आक्काला, नवऱ्याला, स्वतःच्या आईला. सगळ्यांना नाव घेऊन. इतक्या रागाने मी कुणालाही काही वाचवताना पाहिलेलं नाही.

लिली निघाला. त्याखाली तो होता. फिका, पण होता. तिने त्यावर गाल टेकवला आणि डोळे मिटून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दिसतंय आता."

आक्का जमिनीवरच बसली. बो-युआन सिंकपाशी उभा राहून रडत होता आणि रडताना मलाच बोलत होता, की तुम्ही दोघांनी मला चढवलंत. मला बरं वाटत होतं. खरंच सांगतो, त्या क्षणी मला एखाद्या मुलासारखं बरं वाटत होतं.

मोठ्या खोलीचं दार उघडलं. हो मिस्त्री बाहेर आला, कानातून गाण्याची वायर काढत. त्याने काही ऐकलंच नव्हतं.

"सर, ही खोली झाली," तो म्हणाला. "पलंगामागे एक डाग होता पांढरा. हट्टी डाग हो. दोन हात मारले तरी खालून येत होता. तिसऱ्यात गेला."

मग पेइ-शान सगळ्यांच्या आधी पळाली.

खोलीत भिंत एकसारखी होती. ओली, चकचकीत, स्वच्छ लिली. आम्ही पुसली. पलंगामागची सगळी भिंत पुसली, हिरवा रंग लागेपर्यंत, हिरव्याखालचा गिलावा दिसेपर्यंत. मिस्त्री दारात उभा राहून बघत होता, त्याला वाटलं असणार या घराला वेड लागलं. मी भिंतीला कान लावला. मग हात लावला. ती भिंत गार होती.

"हा इथला नसेलच," मी पेइ-शानला म्हणालो. "तो तर स्वयंपाकघरात आहे ना? एकाच वेळी दोन ठिकाणी कसा असेल? इथलं मीठच होतं." मला स्वतःला ते पटलं. मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ती हो म्हणत होती की नाही म्हणत होती, हे मला कळलं नाही.

६

त्यानंतर घरात कोणी रंगाचं नाव काढलं नाही. मोठी खोली अर्धी लिली, अर्धी खरवडलेली, तशीच राहिली. स्वयंपाकघरातला पट्टा सकाळी गेला, पुढे कुठे कुठे गेला ते आम्ही शोधलं नाही. फक्त सगळे हळू चालायला लागलो, आणि खुर्ची सरकवायची तर आधी उचलायचो. पानगळीत मुलगी झाली. आन-छी. आवाज असा की बंदरापर्यंत जावा.

ती धडधाकट झाली तसा माझा धीर परत आला. धीर आला की माणूस थट्टा करायला लागतो. मी जेवताना पाहुण्यांना तो किस्सा सांगायचो, की आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक कसे भिंत पुसत बसलो होतो. आक्का चिडायची. ती वारल्यावरही मी सांगतच राहिलो.

आन-छी शाळेत जायला लागली त्या वर्षी एकदा जेवताना मी तो पुन्हा सांगितला, आणि पेइ-शानने जेवायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या.

"बाबा, तुम्ही हसू नका," ती म्हणाली. "बाकी कोणीही हसू दे. तुम्ही नाही."

मग तिने सांगितलं. आन-छी समोर बसली होती, तरी सांगितलं. बो-युआन पोरीला उचलून बाहेर घेऊन गेला. त्यालाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं.

रंगवायचं नाही ही एक रीत. सांगायचं नाही ही दुसरी. दोन्ही मुलाच्या भल्यासाठीच. ज्याने पहिली केली तो आणि ज्याने दुसरी केली तो एकमेकांशी कधी बोललेच नाहीत का? मला ती दोन माणसं समोर हवी आहेत. मी म्हातारा आहे, माझ्या हातात जोर नाही, तरी हवी आहेत.

मला अजूनही कुणाच्या सांगण्यावर विसंबता येत नाही. सुनेच्याही नाही. मी तिला म्हणालो, डॉक्टरांकडे चल. ती आली. आमच्या टेकडीच्या खालच्या वळणावर तेव्हा तिला तपासणाऱ्या शी नावाच्या डॉक्टर राहतात, आता निवृत्त झाल्यात. त्यांना पेइ-शान लख्ख आठवत होती. माझ्यासाठी चहा ओतता ओतता त्यांनी ते सहज सांगितलं. असं पुष्कळदा होतं म्हणाल्या, एक मागे पडतं आणि विरून जातं, आईला काही जाणवतही नाही.

छिंगमिंगच्या आधीच्या तपासणीत दोन ठोके होते. नंतरच्या तपासणीत एक.